उजव्या रकान्यातली माय

खरी माणसं आणि काढलेली चित्रं एकाच चौकटीत आणायची असली, की पटकथा लिहिताना मी पानाचे दोन रकाने करतो. डाव्या रकान्यात कॅमेऱ्यासमोर जे घडणार ते: दार, अंगण, मुलगी, तिचा हात. उजव्या रकान्यात जे नंतर काढलं जाणार ते. डावीकडे 'मुलगी हात पुढे करते' असं लिहिलं की उजवीकडे 'पिल्लू हात हुंगतं'. शूटिंगच्या दिवशी हा उजवा रकाना कोणालाच दिसत नाही. तिथे नुसती हवा असते. मुलीने त्या हवेकडे अशा नजरेने बघायचं, की सहा महिन्यांनी तिथे काढलेलं पिल्लू बघून पडद्यासमोरच्या पोरांना शंका येऊ नये.

चंद्रपुरात मी तरुण मुलामुलींना हे शिकवतो. शिकवताना बरीच वर्षं एक शॉट दाखवायचो. आठ वर्षांची एक मुलगी मोहाच्या झाडाखाली उभी आहे आणि जंगलात परत जाणाऱ्या अस्वलाच्या पिल्लाकडे बघते आहे. ती रडत नाही. ओठ किंचित उघडे आहेत. कोणीतरी ओळखीचं इतक्या दिवसांनी आलं आणि आता आवाज केला तर ते निघून जाईल, अशी ती उभी आहे. शॉट संपला की कोणीतरी तो पुन्हा लावायला सांगे. मग मी रकाने समजावून सांगायचो. तो शॉट कसा मिळाला हे मात्र कधी सांगितलं नाही. घरी बायकोलाही नाही. आता तो दाखवणं मी बंद केलं आहे.

तो सिनेमा आम्ही एटापल्लीच्या पुढे, पक्क्या रस्त्यापासून आत असलेल्या एका पाड्यावर केला. गोष्ट माझीच होती. एक मुलगी घराच्या भिंतीवर कोळशाने अस्वलाचं पिल्लू काढते, ते भिंतीतून उतरतं, पडलेली मोहाची फुलं खातं, गावभर धिंगाणा घालतं आणि शेवटी जंगलात जातं. मी बल्लारपूरचा, कामगार वस्तीत वाढलेला. दिग्दर्शिका नागपूरची, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. चित्रं काढणारा माझा जुना मित्र. तो चंद्रपुरातच बसून काम करायचा आणि मला कायम शिव्या घालायचा.

"तुयं बरं आहे बे," तो म्हणायचा, "'पिल्लू लाजून हसते' असं लिहून मोकळा. तीन शब्द. अस्वल लाजते कसं, हे कोणाले माहीत? माहे चार दिवस जाते तुह्या तीन शब्दांत."

मुलगी आम्हाला त्या पाड्यावरच मिळाली. तिसरीत होती. मावशीकडे राहायची. आई दोन वर्षांपूर्वी तापाने गेली होती, बापाने दुसरीकडे घर केलं होतं. निवड झाली त्या दिवशी दिग्दर्शिकेने आम्हा सगळ्यांना एकत्र बसवून सांगितलं होतं, की हिच्या आईचा विषय कोणीही काढायचा नाही. रडवायसाठी नाही आणि हसवायसाठीही नाही. मी मान हलवली होती. सगळ्यांत आधी मीच हलवली असेन.

घरी ती माडिया बोलायची आणि आमच्याशी शाळेत शिकलेली मराठी. पण शाळेतले शिक्षक इकडचेच, त्यामुळे तिची मराठी आमच्या झाडीपट्टीची होती. माझ्याशी तिचं लवकर जमलं. माझे कागद ती अक्षर अक्षर लावून वाचायची.

"हे इकडचं काऊन नाई करत मी?" उजव्या रकान्यावर बोट ठेवून तिने पहिल्याच दिवशी विचारलं.

"ते नंतर येणार आहे. चित्रवाला काका काढणार आहे."

"मंग आता तिथी काय राहीन?"

"काहीच नाही. जागा."

प्रत्येक टेकनंतर आम्ही आणखी एक गोष्ट करायचो. सगळ्यांनी चौकटीतून बाहेर व्हायचं आणि कॅमेरा त्या रिकाम्या जागेवर तसाच चालू ठेवायचा. चित्र बसवताना मागचं गवत, भिंत, ऊन नुसतं असलेलं हवं असतं. तिला याचं फार नवल. इतकी माणसं गप्प उभी आणि कॅमेरा कशाकडे बघतो, तर कशाकडेच नाही. मी तिला सांगितलं, की एसटीत आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना, तसंच हे. जो यायचा आहे त्याची जागा धरून ठेवतो. हे तिला एकदम पटलं. त्यानंतर त्या वेळी कोणी खोकलं तरी ती डोळे वटारायची.

नजर कुठे ठेवायची हे कळावं म्हणून बांबूच्या टोकाला लाल चेंडू बांधलेला असायचा. तो बांबू धरायला बल्लारपूरचाच एक माणूस होता, पन्नाशीचा, गालात सतत सुपारी-तंबाखूचा खर्रा. मुलीला हसू आवरायचं नाही. "हे पिल्लू खर्रा खाते!" असं ती ओरडली की सगळं युनिट हसायचं आणि तो माणूस बांबू हलवत म्हणायचा, "खाऊ दे ना बाई, जंगलात दुसरं काय भेटते मले?"

शेवटच्या दृश्याला मात्र हे हसणं आडवं आलं. सकाळचं तिरपं ऊन हवं होतं आणि ते तासभरच मिळायचं. पहिल्या दिवशी नऊ टेक झाले. ती चेंडूकडे बघायची, दुःखी तोंड करायची, शाळेच्या स्नेहसंमेलनात करतात तसं. आणि मग खर्ऱ्याची आठवण येऊन फिस्स. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसरा दिवस त्या दृश्यासाठी शेवटचा होता, कारण मोह गळायचा थांबत आला होता आणि झाडाखालची फुलं आम्हीच दुसरीकडून वेचून आणून पसरत होतो. दिग्दर्शिका माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "सर, तुम्ही बोला ना तिच्याशी. तुमचं ऐकते ती."

मी तिला झाडामागे नेलं. उकिडवा बसलो. पिल्लू जातंय, तुझा दोस्त आहे, असं दोनतीनदा सांगून पाहिलं. ती पायाने फुलं लोटत होती. मग मी तो प्रश्न विचारला. विचारण्याआधी मला माहीत होतं की हा विचारायचा नाही, हे इथे स्पष्ट लिहितो. ओघात निघाला नाही तो. मी एकदा दिग्दर्शिकेकडे वळून पाहिलं, ती लांब होती, आणि मग विचारलं.

"तुले कोणाले पाहावंसं वाटते सगळ्यात जास्त?"

पायाने फुलं लोटणं थांबलं.

"मायले."

ती विचार करत होती, चेंडूच्या दिशेला बघत. मग म्हणाली, "तिथी जागा धरून ठेवली ना आपण?"

"हो."

"मंग तिथी मायले काढसान तुमी? पिल्लू नका काढू. मायले काढा."

तेव्हा नाही म्हणायला हवं होतं. चार शब्द लागले असते. ऊन झाडाच्या बुंध्यावरून वर सरकत होतं.

"काढू," मी म्हणालो. "तू फक्त नीट पाह्य. जशी पाह्यशील तशी येईल ती."

एकाच टेकमध्ये झालं. कट म्हणायचं दिग्दर्शिका विसरली. बांबूवाल्याने चेंडू खाली घेतला आणि दुसरीकडे तोंड फिरवलं. नंतर रिकामी जागा घ्यायची होती तेव्हा मुलगी चौकटीबाहेर माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, माझ्या शर्टाचं टोक धरून, श्वासही न घेता. दिग्दर्शिकेने माझा हात दाबला आणि विचारलं, काय सांगितलंत तिला? मी म्हणालो, काही नाही, जरा समजावलं.

पुढचे दोन दिवस किरकोळ शॉट होते. मुलगी मोकळी झाली की माझ्याजवळ यायची आणि आईबद्दल सांगायची. चित्रवाल्या काकाला चुकायला नको म्हणून. एकेक आठवून, थांबून थांबून, कधी अर्ध्यात पळून जाऊन परत येऊन. मी मांडीवर वही घेऊन बसायचो आणि लिहीत राहायचो. ती म्हणायची, "लिवलं?" मी म्हणायचो, "लिवलं."

त्या वहीत काय आहे ते सांगतो. उद्या जेवण एकोणीस. पांढरा दोरा संपला. कोळसा आणणे. गाडीवाल्याला सकाळी सहा. तिच्याकडे न बघता मी दुसऱ्या दिवसाची यादी करत होतो. ती काय काय सांगत होती ते इथे लिहिता आलं असतं तर किती बरं झालं असतं. मला आठवत नाही. हातावर गोंदण होतं, पण कोणत्या हातावर आणि कसलं, ते गेलं. एक तेवढं राहिलं, की आई हाक मारायच्या आधी खोकायची. ते का राहिलं कोण जाणे.

सिनेमा पुढच्या थंडीत तयार झाला. गावाला दाखवायचं आम्ही कबूल केलं होतं, ते पाळलं. शाळेच्या हॉलच्या खिडक्यांना ताडपत्र्या लावून दुपारी खेळ केला. आजूबाजूच्या पाड्यांवरून माणसं आली होती. पिल्लू भिंतीतून धपकन पडलं तेव्हा पोरांनी असा गलका केला, की पुढचा संवाद ऐकूच आला नाही. मुलगी पहिल्या रांगेत, मावशीजवळ. नवा फ्रॉक होता. मी मुद्दाम बाजूच्या भिंतीला टेकून उभा होतो. तिथून ती दिसत होती.

शेवटचं दृश्य आलं. पडद्यावर तिचा चेहरा, आणि मग ती बघते आहे ती जागा. तिथे पिल्लू होतं. माझ्या मित्राने जीव ओतून काढलं होतं ते. दोन पावलं जातं, मागे वळतं, कान हलवतं, जातं. बायका पदराने डोळे पुसत होत्या. मुलगी पुढे वाकून बघत राहिली. नावं सुरू झाली, टाळ्या झाल्या, ताडपत्र्या सोडल्या, हॉलमध्ये ऊन आलं, पोरं बाहेर पळाली. ती बसूनच होती. मी शेजारून चाललो होतो. तिने वर बघितलं.

"अजून सरला नाई ना?"

मी म्हणालो, "सरला बाळा."

"मंग ते मागून लावसान काय?"

रागावली असती तरी बरं झालं असतं. तिला वाटत होतं की उरलंय काहीतरी. दिवस लहान आहे, आलापल्लीपर्यंत रस्ता खराब आहे, असं काहीतरी मी मावशीला उद्देशून बोललो आणि गाडीत जाऊन बसलो. सगळ्यांत आधी. बाकीचे चहा पिऊन अर्ध्या तासाने आले.

सहा वर्षं मी तिकडे गेलो नाही. सिनेमा बऱ्याच ठिकाणी दाखवला गेला, त्या शॉटचं कौतुक झालं. मी तो वर्गात दाखवू लागलो. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने हात वर केला. शांत मुलगी, मागे बसणारी. तिने विचारलं, "सर, ही बघतेय कोणाकडे?"

"बांबूला चेंडू बांधलेला असतो," मी म्हणालो.

"नाही सर, ते कळलं. पण ही चेंडूकडे बघत नाहीये."

मी पुढचा शॉट लावला. त्या दिवसानंतर मला तो वर्गात लावता येईना.

मित्राकडे गेलो आणि पहिल्यांदा कोणाला तरी सगळं सांगितलं. तो ऐकत होता तोवर त्याने पेन्सिलला टोक काढलं, मग दुसऱ्या पेन्सिलला. मी म्हणालो, तो शॉट अजून तुझ्याकडे आहे, रिकामी जागाही आहे. पिल्लू काढून टाक आणि तिची आई काढ. एकच प्रत. तिला नेऊन देतो.

"चेहरा दे," तो म्हणाला.

"ती सांगेल."

"अन् तुले नाई सांगतला तिनं? दोन दिवस?"

त्याने मला त्या दिवशी शिवी घातली नाही.

मी दिवाळीनंतर पाड्यावर गेलो. तिच्या आश्रमशाळेला सुट्टी होती हे आधी विचारून घेतलं. आलापल्लीला गाडी बदलली, पुढे एटापल्लीहून एकाच्या मोटरसायकलवर मागे बसून गेलो. धान कापून झालं होतं, खळ्यावर पेंढ्या होत्या. मावशी सूप घेऊन धान पाखडत होती. केस पिकले होते, पण तिने मला लगेच ओळखलं.

"सिनेमावाले भाऊ! काऊन आले इतक्या वर्षानं? अस्वल हारपलं काय तुमचं?"

मी हसलो असेन. मुलगी घरातून बाहेर आली. चौदा वर्षांची, उंच. तिने नमस्कार केला आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मी तिथेच, खळ्याच्या कडेला बसून, दोघींसमोर सांगितलं. मोहाच्या झाडामागे काय विचारलं, काय कबूल केलं, आणि आई काढली जाणार नाही हे मला कबूल करतानाच माहीत होतं, हेही. मावशीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिचं सूप थांबलं होतं.

"मले वाटलं," मुलगी म्हणाली, "मी नीट पाह्यली नसन."

मला वाटलं होतं ती मला खोटारडा समजत असेल. सहा वर्षं मी तेच गृहीत धरून घाबरत होतो. तिने चूक स्वतःकडे घेतली असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मीच तर तिला सांगितलं होतं, जशी पाहशील तशी येईल.

"तू नीटच पाहिलंस," मी म्हणालो. "चूक माझी होती. सगळी." मग घाईघाईने मित्राचं सांगितलं. अजून होऊ शकतं, तू सांगशील तसं काढेल तो, आवडेपर्यंत काढेल.

ती बराच वेळ पेंढीतली एक काडी सोलत बसली.

"मले आता तिचं तोंड नाई दिसत," ती म्हणाली. "आधार कार्डावर हाये, पण ते कोणाचंही वाटते. तवा दिसत होतं. तवा तुमाले सांगतलं होतं ना मी सगळं? तुमी लिवत होते. ते द्या मले. चित्र नको."

इथपर्यंत येणार हे मला घरून निघतानाच माहीत होतं.

"मी लिहिलं नव्हतं."

"मंग काय लिवत होते?"

"जेवणाचं. किती माणसं जेवायला. दोरा संपला ते."

"म्हंजे मी मायचं सांगून राह्यली होती," ती सावकाश म्हणाली, जसं एखादं अवघड वाक्य लावून वाचावं, "अन् तुमी जेवण लिवून राह्यले होते."

"हो."

मावशी माझ्याकडे बघत नव्हती. मुलगी उठली, दोन पावलं गेली, परत येऊन बसली. ओरडली नाही. "चित्र नका काढू," ती म्हणाली. "त्या काकाले सांगजा. त्यानं काढलं तं मले तेच खरं वाटन. मंग माही माय तेच होऊन जाईन."

"गावाबाहेर तिचा दगड उभा केला हाये आमी," मावशी म्हणाली. हे माझ्यासाठी होतं, पण बघत होती धानाकडे. त्यांच्यात गेलेल्या माणसाच्या नावाने दगड रोवतात. आम्ही त्या दगडांच्या बाजूने कितीदा तरी कॅमेऱ्याची ट्रॉली नेली होती. "त्याले तोंड लागत नाई, भाऊ."

माझ्याकडे द्यायला एकच गोष्ट उरली होती आणि ती फार लहान होती. तरी मी बोललो. "तू एक सांगितलं होतंस. आई हाक मारायच्या आधी खोकायची."

मुलीने भुवया आखडल्या. तिला आठवत नव्हतं. पण मावशीने सूप खाली ठेवलं.

"खोकायची," ती म्हणाली. "खरं हाये. लहानपणापासून. आमचा बाप..." आणि तिथून तिचं बोलणं माडियात गेलं. बहीण गेल्यापासून या बाईने घरात तिच्याविषयी शब्दही काढला नव्हता, हे मुलगी शूटिंगच्या वेळी एकदा म्हणाली होती. मावशी हाताने काहीतरी दाखवत होती, एवढीशी उंची, मग डोक्यावर काही घेतल्यासारखं. मुलीने एक प्रश्न विचारला. मावशीने उत्तर दिलं, पुन्हा दिलं. मुलगी तिच्याजवळ सरकली.

मला त्यातलं काहीही कळत नव्हतं. कोणी मराठीत सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. त्या बोलत राहिल्या. थोड्या वेळाने मी उठलो आणि मोटरसायकलवाल्याकडे गेलो.